दोन ठिकाणची हजेरी

१

आमच्या संघाची केळी पिकवायची तेवीस केंद्रं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पसरलेली आहेत. प्रत्येक केंद्रात रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे एक लिनक्स सर्व्हर घरघरत असतो. चेंबरमधलं तापमान, गॅस, दार किती वाजता उघडलं, सगळं त्याच्या ताब्यात. हे तेवीस सर्व्हर दर चार तासांनी जळगावच्या हेड ऑफिसातल्या मुख्य सर्व्हरला 'मी आहे' एवढं कळवतात. त्याला आम्ही हजेरी म्हणतो. हजेरी चुकली की माझा फोन वाजतो. आठ वर्षं हेच करतेय, त्यामुळे कुणाच्या मयतीला गेले तरी फोन वाजणार, हे मी धरूनच चालते.

यंदा मुख्य सर्व्हरवरचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. सांगायला काम सोपं. बॅकअप घ्यायचा, नवी आवृत्ती चढवायची, मग एकेका केंद्राच्या सर्व्हरवर अपडेट मारून त्याची नव्याने नोंद करायची. हे शेवटचं काम जळगावात खुर्चीवर बसून होतं, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने पहूरचं नेट पाहिलेलं नसतं. म्हणून तीन आठवडे, पाठीवर लॅपटॉप आणि मिळेल ती एसटी, असा माझा कार्यक्रम लागला. हेड ऑफिसात समाधान बसणार होता. तो आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो आणि गेल्या वर्षी तो माझा साहेब झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे फार नाही.

नेमकं त्याच तीन आठवड्यांत मायच्या डोळ्याचं आलं. माझी माय, ताईबाई, भडगावला एकटी राहते. एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू तिने अंगावर काढला, इतका की चार वर्षं तिला माझा चेहरा धड दिसलेला नव्हता. धुळ्याला ऑपरेशन झालं, जखम चिघळली, आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी ठेवायला सांगितली. मधेमधे थेंब घालायचे, दिवसातून चार वेळा. पट्टी एकवीस तारखेला, गुरुवारी निघणार होती.

"पट्टी निंघनी म्हंजे पैलं तुनंच तोंड दखसू," माय म्हणाली. "तू ये फक्त."

मी हो म्हटलं आणि रजेचा अर्ज टाकला. समाधानने तो टेबलावर ठेवून घेतला आणि म्हणाला, "दीपमाला, अपग्रेड होऊ दे, मग महिनाभर जा. आत्ता नाही जमणार." मग मी थेंबांचं काम शेजारच्या सुनंदाबाईंच्या गळ्यात घातलं आणि पहिल्या केंद्राची बस पकडली. हे आधीच सांगते, कारण यात माझी चूक किती ते मला कळतं. ते दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

२

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी मुक्ताईनगर केंद्र उरकलं आणि दुपारी पहूरला पोचले. पहूरबद्दल मनात जरा धाकधूक होती. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तिथली डिस्क गेली होती. नव्याने सगळं बसवायला अर्धा दिवस लागला असता. समाधान म्हणाला, भडगावची डिस्क आहे ना, जशीच्या तशी उतरव. मी उतरवली. नाव बदललं, पत्ता बदलला. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक ओळख क्रमांक असतो, त्यावरून मुख्य सर्व्हर त्याला ओळखतो. तो मात्र बदलायचा राहिला. नंतर बघू म्हटलं, आणि आमच्याकडचं 'नंतर' सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पहूर आणि भडगाव, दोन्ही एकाच ओळखीवर हजेरी लावत होते. जुनं सॉफ्टवेअर बिचारं भोळं होतं. जो शेवटी बोलला त्याला ते खरं मानायचं. नव्याला हे चालणार नव्हतं.

केंद्राचे भिकनभाऊ पायरीवर बसून केळीचे दांडे निवडत होते. मला पाहून उठले नाहीत.

"ताई, काही राहिलं का?"

"काय राहणार? आत्ता तर येतेय."

"सकाळीच तर करून गेल्या तुम्ही." त्यांनी आत जाऊन व्हिजिटचं रजिस्टर आणलं. "हे पाहा."

आजची तारीख. आत १०.२०, बाहेर ११.०५. काम: अपग्रेड व नोंदणी. खाली सही. सही झाल्यावर मी तिच्याखाली उजवीकडून डावीकडे एक रेघ मारते. शाळेत बाईंनी त्यावरून मला पट्टीने मारलं होतं, तरी सवय गेली नाही. रेघ उजवीकडून डावीकडेच मारलेली होती. शाई सुरुवातीला दाट आणि शेवटाला फिकी.

१०.२० ला मी मुक्ताईनगरला होते. तिथल्या रजिस्टरवरही अशीच सही करून आले होते.

सर्व्हरच्या खोलीत चेंबरचा पंखा भिंतीतून घुमत होता आणि कच्च्या केळ्यांचा तुरट वास होता. मी लॅपटॉप जोडला. नवी आवृत्ती चढलेली होती. नोंदणी झालेली. तो जुना, राहून गेलेला ओळख क्रमांकसुद्धा बदललेला होता. मागच्या वायरी पट्ट्यांनी नीट बांधल्या होत्या, धूळ पुसलेली होती. मला एका केंद्राला अडीच तास लागतात आणि वायरी मी आजवर कधी बांधलेल्या नाहीत.

"चांगलं केलंत तुम्ही," भिकनभाऊ दारातून म्हणाले. "सुनेचं विचारलं. दवाखान्याचा नंबरबी दिला."

त्यांच्या सुनेला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत मी त्यांना मुलगा आहे का, हेही विचारलेलं नव्हतं.

३

माणसाचं डोकं आधी सोयीचं उत्तर शोधतं. माझ्या डोक्याने पहूर ते जामनेर एवढ्या प्रवासात ते शोधलं. समाधानने कुणीतरी नवी पोरगी ठेवली होती. तिला माझ्या नावावर केंद्रांना पाठवत होता, सही गिरवायला शिकवली होती, आणि अपग्रेड संपलं की मला नारळ मिळणार होता. भिकनभाऊंची नजर अधू असेल. मग मला बरं वाटलं. राग आला तरी डोकं ठिकाणावर राहतं.

मी समाधानला फोन लावला. "पहूरला कोण गेलं होतं?"

"तूच ना? रिपोर्ट आलाय तुझा."

"समाधान, मी मुक्ताईनगरला होते."

"तोही आलाय." मग म्हणाला, "काम झालं ना? मग कशाला डोकं लावतेस? पुढचं केंद्र घे."

त्याच्या लग्नात वरातीतला जनरेटर बंद पडला होता, तेव्हा शालू कमरेला खोचून मी तो चालू केला होता. त्याच्या बापाच्या आजारपणात त्याच्या वाट्याच्या हजेऱ्या मी सांभाळल्या. आणि हा मला सरळ बोलायला तयार नव्हता. मी फोन ठेवला आणि मायला लावला. खरं तर चार दिवस तिला फोन केला नव्हता.

"आवं, आत्ते तं गयी तू," माय म्हणाली. "काय इसरनी का?"

बसमध्ये कंडक्टर तिकिटाचं मशीन खडखडवत होता. मी कान दाबून धरला. "माय, मी जामनेरच्या बसमध्ये आहे. थेंब कोणी घातले?"

"तूच घाल्यात ना. हात गार शेत तुना, म्हनत व्हतू मी." ती हसली. मग हसू मधेच तोडलं. "बरं," ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि फोन ठेवला.

तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही. एखादी गोष्ट पोरांपासून लपवायची असली की ती असंच बरं म्हणते. माझे वडील गेले तेव्हा पहिले दोन तास तिने मला असंच सांगितलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी न सांगता भडगावला गेले. दारात सुनंदाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"सुनंदाबाई, थेंब तुम्ही घालताय ना?"

"मी काब्र घालू?" त्यांनी मान वर केली. "तू रोज येस ना वं." मग माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्या पायांतल्या धुळकट चपलांकडे, सुरकुतलेल्या ओढणीकडे. "आज दमेल दिसस तू," एवढं म्हणून शेंगांकडे वळल्या.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माय खाटेवर बसली होती, डोळ्यावर पांढरी पट्टी, वेणी घातलेली. तिची वेणी घट्ट आणि सरळ होती. मी घातली की एक बट सुटते. थेंबांची बाटली फळीवर होती आणि तिच्या बाजूला कागदावर चार वेळा लिहून खुणा केलेल्या. एकही खूण चुकलेली नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. तिने माझा हात हातात घेतला, अंगठ्याने मनगट चाचपलं आणि हात सोडून दिला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. कीबोर्डचा. मी आयुष्यभर ऐकत आलेला आवाज. चार अक्षरं झपाट्याने, एक चुकलेलं, दोनदा मागे, मग एन्टर, आणि उगाचच अजून एक एन्टर. तो दुसरा एन्टर समाधानला कायम खटकायचा. कशाला दोनदा मारतेस, म्हणायचा.

"माय, आत कोण आहे?"

"कोनी नही शे. मांजर व्हई."

आवाज थांबला. मी दोन खोल्यांमधल्या दाराकडे पाहत होते आणि मला उठता येत नव्हतं. माय माझ्या दिशेने तोंड करून बसली होती. तिने हात पुढे केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तो हात मला धीर देत नव्हता, बसवून ठेवत होता. मला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर मी तिचा हात बाजूला केला आणि आत गेले.

मागचं दार उघडं होतं. परसात दोरीवर माझी निळी ओढणी वाळत होती. तसलीच मी आत्ता अंगावर घेतली होती. चटईवर एक चौकोन कोमट लागला, लॅपटॉप ठेवतात तेवढा.

मी तिथेच राहायला हवं होतं. रात्रभर, गुरुवारपर्यंत, दार अडवून. पण फोन वाजला. भडगाव केंद्राची हजेरी चुकली होती, केंद्र तिथून दहा मिनिटांवर, आणि चेंबरमध्ये पूर्ण माल भरलेला.

"जाय," माय म्हणाली. "तुनं काम शे."

"गुरुवारी दोन वाजता धुळ्याला. मी थेट दवाखान्यात येते. माझ्याशिवाय पट्टी काढू द्यायची नाही, माय. शपथ घे."

तिने शपथ घेतली नाही. केंद्रावर पोचले तेव्हा सर्व्हर व्यवस्थित चालू होता आणि हजेरी लागलेली होती. परत आले तर सुनंदाबाईंनी सांगितलं, ताईबाई झोपल्यात, आणि आतून कडी लावलेली होती.

५

गुरुवारी सकाळी नऊला मी हेड ऑफिसात गेले. दोनच्या आत धुळ्याला पोचायचं होतं, पण त्याआधी समाधानच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या टेबलावर चहाचा कप होता. कोमट. माझी खुर्ची पुढे सरकवलेली होती.

"पहूर आणि भडगावचा घोळ मिटला," समाधान स्क्रीनकडे पाहत म्हणाला. "तेवीसच्या तेवीस वर आली. छान झालं काम."

"कुणी केलं?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या, म्हणजे माणसांच्या, मोबाइल हजेरीचा तक्ता होता. दीपमाला, सोमवार, १०.२०, मुक्ताईनगर. त्याखाली दीपमाला, सोमवार, १०.२०, पहूर. तीन आठवड्यांचा प्रत्येक दिवस असाच दोन ओळींचा. प्रत्येक दुसऱ्या ओळीत केंद्रं दुपारी बारापर्यंत संपलेली, आणि तीन वाजता भडगाव.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच सोमवारी."

"आणि तू बोलला नाहीस."

"आधी वाटलं, ॲप बिघडलं. मग दोघींचं काम पाहिलं." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती दिसली असती तर मी त्याला माफ केलं असतं. "दीपमाला, ती चिडत नाही. केंद्रावरच्या माणसांशी बरं बोलते. सगळं वेळेवर करते. मी काय म्हणणार होतो?"

"मी रजा मागितली होती, समाधान. मायच्या डोळ्यासाठी. तू नाही म्हणालास."

"अर्ज होता ना तुझा." त्याने खण उघडला, कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर. खाली त्याची सही, मंजूर, तीन आठवडे, दुपारी तीननंतर. "तिनेही मागितली. ती बारापर्यंत सगळं उरकायची. मी तिला दिली."

मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर आलं याचा जास्त राग आला. आठ वर्षं मी या माणसाच्या पाठीशी उभी राहिले होते. त्याला कुणीतरी माझ्यासारखी, पण बरी, मिळाली, आणि मला सांगायची गरजही त्याला वाटली नाही.

"कोण आहे ती?"

"विचारलं नाही," तो म्हणाला. मला वाटतं तो खरंच बोलत होता. "एक सांगतो. नव्या सिस्टीममध्ये एका नावावर एकच हजेरी चालते. सोमवारपासून दुसरी ओळ बंद होईल. मला एक ठेवावी लागेल." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आणि तू दोन वाजता म्हणतेस, पण डॉक्टर दोनला नसतात. तिने साडेअकराचा नंबर घेतलाय."

पावणेदहा वाजले होते.

६

धुळ्याची बस एरंडोलच्या पुढे अर्धा तास रखडली. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून बारीकसारीक हिशोब करत होते. माणूस घाबरला की डोकं असल्या गोष्टींना धरून बसतं. दवाखान्याच्या पायऱ्या मी चढले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

ओपीडीच्या लांब बोळात बाकांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं ओळीने बसली होती. कुठेतरी नळ गळत होता. टोकाच्या खोलीच्या दारात नर्स रजिस्टर घेऊन उभी होती.

"ताईबाई, भडगाव," मी म्हणाले. "मी त्यांची मुलगी."

तिने रजिस्टर पाहिलं. "नातेवाईक आत आहे की. मुलगी. सहीसुद्धा झालीय." सहीखाली उजवीकडून डावीकडे रेघ होती. "एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक, ताई. डॉक्टर रागावतात."

दार अर्धं उघडं होतं. आत खिडकीचा पडदा ओढलेला, उजेड कमी. माय स्टुलावर बसली होती. तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी ओणवं उभं होतं. माझी वेणी. निळी ओढणी. ट्रेमध्ये पट्टी पडली होती. ती बाई कापसाने मायच्या डोळ्याचा कोपरा पुसत होती, अगदी हलक्या हाताने. तिने जरा मान वळवली आणि मला तिचा गाल आणि ओठांचा कोपरा दिसला. बारीक काम करताना जिभेचं टोक ओठात धरायची माझी सवय आहे. तिनेही धरलं होतं. मग ती अजून वळू लागली आणि मी मान खाली घातली. पूर्ण चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर मी आज हे लिहीत नसते, असं मला उगाचच वाटतं.

"माय," मी दारातूनच म्हणाले.

माय उठली. त्या बाईने तिच्या कोपराला आधार दिला, पण माय एकटीच दारापर्यंत आली. तिचा डोळा लाल होता, ओला होता, आणि उघडा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग केसांकडे, मग पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. कितीतरी वेळ पाहत राहिली. तिने हात वर करून माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

"तू बी मनीच पोर शे," ती इतक्या हळू म्हणाली की नर्सला ऐकू गेलं नसेल. "माले पैल्या दिनपासून ठाऊक शे. हात लावा तव्हयच समजनं. पन तू येस नही, दिपमाला. ती येस."

"माय, मी आलेय ना. बघ, आलेय."

"हां," ती म्हणाली. "आज ऊनी तू."

आतून औषधाची बाटली ठेवल्याचा आवाज आला. मायने माझ्या कपाळावरून हात काढून घेतला.

"आजी, ह्या कोण?" नर्सने विचारलं. "आतल्या तुमची मुलगी ना? मग ह्यांचं नाव काय लिहू?"

मायने एकदा मागे वळून पाहिलं. मग नर्सकडे.

"हाई तिना हापिसनी बाई शे," ती म्हणाली. "जाऊ द्या तिले. तिले काम व्हई."

नर्सने मान डोलावली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर समाधानला, सुनंदाबाईंना, पहूरच्या भिकनभाऊंनाही मी हे सांगून पाहिलं. सगळे एकच म्हणाले, म्हातारीला अजून नीट दिसत नसेल. पण मायने मला बोळाच्या उजेडात, हातभर अंतरावरून, कितीतरी वेळ पाहिलं होतं. तिला दिसलं नाही, असं मी कुणाला सांगू शकत नाही.